काळी ठेवलेली चांदी

हुपरीच्या माणसाला काळी पडलेली चांदी दाखवू नये. दाखवलीच, तर पुढचं त्याच्या हातून आपोआप होतं आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. दिलीप आबांनी मात्र स्वतःला बोल लावला, अजून लावतात, आणि त्यांचा स्वभाव पाहता शेवटपर्यंत लावतील.

हुपरी हे कोल्हापूरजवळचं चांदीचं गाव. अर्ध्या महाराष्ट्राच्या पायांतली पैंजणं तिथून जातात. आबा वयाच्या चौदाव्या वर्षी मागच्या खोलीत पाट टाकून बसले, ते अडुसष्टाव्या वर्षीही तिथंच बसलेले होते. ठसे कोरायचे, चांदी ठोकायची, उजळायची, आणि शहरातल्या दुकानांना जुन्या वळणाचा माल हवा असला की नव्याकोऱ्या पैंजणाला गंधकाची वाफ देऊन ते शंभर वर्षांचं करून द्यायचं. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. घरी आलेलं एखादं गिऱ्हाईक पैंजण हातात घेऊन "आजीच्या काळातलं दिसतंय" म्हणालं, की आबा आतल्या खोलीत बसून गालातल्या गालात हसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सारंग काही पाटावर बसला नाही. तो शिकला, इंजिनीयर झाला, डब्लिनला गेला आणि तिथलाच झाला. पुण्याची कौमुदी त्याची बायको. दोघांनी ब्लँचर्डस्टाउनला घर घेतलं. मूलबाळ झालं नाही. आणि बेचाळिसाव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं, दिवाळीच्या सहा दिवस आधी सारंग गेला.

सप्टेंबरात त्यानं फोन केला होता. "आबा, जरा येऊन जावा की इकडं," एवढंच म्हणाला. आजाराचं नाव घेतलं नाही. आबा म्हणाले, "दिवाळीचा माल अंगावर हाय रे. तेवढा उरकतो आणि येतो." सारंग "बरं" म्हणाला. पासपोर्टचा फॉर्म भरून झाला होता, फोटो काढायचा राहिला होता. दिवाळीचा माल वेळेवर गेला. आबा गेले नाहीत.

सारंगचा शेवटचा प्रवास त्यांनी हुपरीत फोनवर पाहिला. आयर्लंडमध्येही माणसाला खांद्यावर नेतात, हे त्यांना तेव्हा कळलं. शवपेटी सहा जणांनी उचलली होती, दोघादोघांनी एकमेकांच्या पाठीवरून हात टाकून. त्यात सारंगच्या ऑफिसातला मुकुल होता, शेजारचा ब्रेंडन होता, बाकीचे कोण होते देव जाणे. पावसाची भुरभुर चालू होती. गावच्या जत्रेत ज्याला खांद्यावर बसवून पालखी दाखवली, त्याला शेवटचा खांदा परक्यांनी दिला, आणि बाप हातातला फोन भिंतीला टेकवून समोर बसला होता. ते दुःख आबा कुणाला सांगत नसत. सांगायला गेलं की मधे दिवाळीचा माल येई आणि जीभ अडखळे.

चौदा महिन्यांनी, जानेवारीत, ते एकदाचे डब्लिनला आले. आले कशाला, हे त्यांनी कौमुदीला स्पष्ट सांगितलं नव्हतं. मुलासाठी करायचं राहिलं ते त्याच्या घरासाठी काहीतरी करून जावं, एवढंच मनात होतं. पण करायला काही सापडेना. घर लखलखीत, भांडी यंत्रात, कपडे यंत्रात. कौमुदी वेळेवर जेवायला वाढी, हवं नको बघे, आणि रडत नसे. सारंगचं नाव निघालं तर कुणा सहकाऱ्याविषयी बोलावं तसं बोले. आबांना त्याची भीती वाटे. दुःख असं आत दाबून ठेवलेलं माणूस त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी आबांचं विमान होतं. गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना कौमुदी दारात थांबली.

"आबा, सारंगचा नाण्यांचा डबा वरच्या खोलीत प्रेसमध्ये आहे." तिकडं कपाटाला प्रेस म्हणतात, कौमुदीच्या तोंडात आता तेच बसलं होतं. "जुनी रोमन नाणी आहेत, चांदीची. त्याला वेड होतं ना त्यांचं. त्यातलं एक तुमच्यासाठी ठेवलंय त्यानं."

"माझ्यासाठी?"

"हो. तो गेल्यापासून मी डबा उघडलाच नाहीये. एकटीनं होत नाही माझ्याच्यानं. आज संध्याकाळी आपण दोघं मिळून उघडू या का?"

"उघडू की. एकटीनं कशाला? मी हाय की."

तिकडच्या लोकांसारखं "ठीक आहे, ग्रँड," म्हणून तिनं बॅग खांद्याला लावली आणि ती बस पकडायला गेली. ग्रँड कॅनाल डॉकवरच्या ऑफिसात मंगळवारी आणि गुरुवारी जावं लागे, बाकी दिवस ती घरूनच काम करी.

आबांनी दहा वाजेपर्यंत दम धरला. मग त्यांच्या मनात आलं, की संध्याकाळी सुनेसमोर डबा उघडला आणि आपल्यालाच रडू फुटलं, तर तिनं कुणाकडं बघायचं? त्यापेक्षा आधी एकदा एकट्यानं बघून घ्यावं, मन घट्ट करावं. विचार चांगलाच होता. आबांचे बहुतेक विचार चांगले असत, घोळ पुढं होई.

डबा लाकडी होता, पुस्तकाएवढा. आत तांबड्या कापडाचे नऊ गोल खळगे आणि प्रत्येकात अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं एकेक नाणं. नऊच्या नऊ काळी ठिक्कर. खोलात कोळशासारखी, उंचवट्यावर करडी.

आबा पलंगावर बसले. त्यांच्या घरात एक रीत होती. घरात कुणी गेलं की सुतक फिटल्याच्या दिवशी आंघोळी झाल्या, की पहिल्यांदा चांदी घासायची. देवाची ताम्हनं, निरांजनं, पळी, बायकांची जोडवी, सगळं. चांदी उजळली की मगच घरात गोड शिजायचं. आबांची आई गेली तेव्हा हे झालं, बायको गेली तेव्हा झालं. सारंगचं सुतक त्यांनी हुपरीत पाळलं आणि तिथली चांदी घासली. पण सारंगचं घर हे होतं. इथं त्याची चांदी चौदा महिने काळी पडून होती. मग ही पोरगी हसणार कशी आणि रडणार कशी? तिचं सुतक फिटलेलंच नाही, असं आबांच्या मनानं घेतलं. आणि आपण इतक्या लांब कशाला आलो, तेही त्यांना एकदम कळल्यासारखं झालं.

त्यांच्या पिशवीत रिठे होते. हुपरीचा माणूस परगावी जाताना रिठे घेऊन जातो, आपण दाढीचं सामान घेतो तसे. कौमुदीच्या स्वयंपाकघरात चिंच मिळाली. न्हाणीघरात एक कोरा मऊ ब्रश मिळाला. आबांनी रिठ्याचं पाणी उकळलं, गाळलं, कोमट केलं, खिडकीपाशी टॉवेल अंथरला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे हात हलके झाले.

पहिलं नाणं उजळलं आणि ते पाहतच राहिले. चांदीचा टंच उत्तम होता, पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली नसावा. पण खरी गंमत ठशाची होती. पंख लावलेली एक बाई चार घोड्यांचा रथ हाकत होती. घोड्यांचे सोळा पाय, प्रत्येक पायाला गुडघा, आणि हे सगळं चिंचोक्याएवढ्या जागेत. भिंग नसताना कुणी कोरलं असेल हे? आबांनी त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला मनोमन हात जोडले आणि लगेच त्याची चूकही काढली. ठोकताना नाणं सरकलं होतं, रथाचं एक चाक बाहेर गेलं होतं. "गडबडीत हुतास व्हय बाबा," ते म्हणाले. "तुझ्याबी अंगावर माल असणार."

एकेक नाणं उजळत गेलं. पदर डोक्यावर घेऊन वेदीपाशी उभी असलेली बाई. फळांनी भरलेलं शिंग हातात घेतलेली दुसरी, तिला आबांनी आपली अन्नपूर्णा समजून कपाळाला लावलं. सोंड वर केलेला हत्ती. एकावर फक्त दोन हात होते, एकमेकांत गुंतलेले, मनगटाशी तुटलेले. त्या नाण्याकडं ते जरा जास्त वेळ बघत राहिले, ते सारंगनं कशासाठी घेतलं असेल हे न सांगता कळत होतं.

नववं नाणं सर्वांत काळं होतं. एका बाजूला पट्टा बांधलेल्या केसांची बाई. दुसऱ्या बाजूला एक उघडाबंब तरुण पोरगा धावत होता आणि त्याच्या खांद्यावर एक म्हातारा बसला होता. म्हाताऱ्याचं तोंड मागं वळलेलं. आबांचा ब्रश थांबला. कोण असतील हे दोघं? बाप-लेकच असणार, दुसरं कोण म्हाताऱ्याला असं उचलतं? त्यांनी ते नाणं सगळ्यांत जपून घासलं, पोराच्या खांद्यापाशी तर नुसत्या बोटानं. झाल्यावर खिडकीच्या उजेडात धरलं. पोराच्या पोटऱ्यांचे स्नायू दिसत होते. आबांना वाटलं, संध्याकाळी कौमुदीनं डबा उघडला की तिच्या तोंडावर या चांदीचा उजेड पडेल.

दुपारचा एक वाजला होता. नाणी परत ठेवताना त्यांना दिसलं, की प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक गोल चिठ्ठी आहे. त्यावर बारीक इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं, राजांची नावं असावीत. नाणी काढताना त्या चिठ्ठ्यांकडं त्यांनी बघितलं नव्हतं. नवव्या खळग्यातली चिठ्ठी मात्र मराठीत होती. सारंगचं अक्षर, शाळेत असल्यापासूनचं, उजवीकडं कललेलं.

"आबांसाठी. घासायचं नाही."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. लेकानं बापाला बरोबर ओळखलं होतं. एवढं ओळखलं होतं, की मरायच्या आधी त्या नखाएवढ्या कागदावर दुसरं काही न लिहिता हे लिहून ठेवलं. आणि बापानं नाणं आधी घासलं आणि चिठ्ठी मागनं वाचली. सप्टेंबरातही असंच झालं होतं. पोरगं सांगत होतं आणि आबा कामात होते.

ती काळी कांती म्हणजे सारंगच्या लेखी मळ नव्हता, हे आता त्यांना समजत होतं. काहीतरी राखून ठेवलेलं होतं आणि ते रिठ्याच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं. आता कौमुदीला काय सांगायचं? ती पोरगी चौदा महिने डब्याला हात लावायला धजली नाही आणि सासऱ्यानं एका सकाळीत चिंच लावून मोकळं केलं?

खरं सांगून टाकायचं, हा एक मार्ग होता. पण माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच तो करतो, आणि आबांना चांदी जुनी करता येत होती. गंधक इथं कुठून आणणार? पण गंधक अंड्यातही असतो, हे हुपरीतलं पोरसुद्धा जाणतं. आबांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यांनी फ्रिज उघडला, सहा अंडी काढली, उकडली, सोलली, नाक दाबून कुसकरली आणि एका घट्ट झाकणाच्या डब्यात नाण्यांच्या खाली पसरली, मधे जाळी ठेवून.

चांदी आधी पिवळट झाली. मग तांबूस, मग मोरपंखी निळी. तीन तासांनी ती काळी होती. आबांनी प्रत्येक नाणं बाहेर काढून स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि अंगठा फिरवून उंचवट्यावरचा रंग हलका केला. खोलात कोळसा, वर करडं. सकाळी होतं तसं. काम इतकं बेमालूम उतरलं, की क्षणभर त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची नंतर त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

कौमुदी सहाला आली. दारातच थबकली.

"अंड्यांचा वास येतोय?"

चोराच्या मनात चांदणं. आबांनी त्याची तयारी आधीच करून ठेवली होती, फ्रिजमधली उरलेली दोन अंडी उकडून बशीत ठेवली होती. "तू दमून येतीस," ते म्हणाले. "म्हटलं, तुला लागतात. म्हणून उकडली."

कौमुदी बशीकडं बघत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा हुपरीला गेली, तेव्हा अंड्याचा केक आणला म्हणून तिला तो अंगणात बसून खायला लागला होता. "आबा, तुम्ही? माझ्यासाठी अंडी उकडलीत?" असं म्हणून तिनं कोटसुद्धा न काढता खुर्चीवर बसून ती दोन्ही अंडी मीठ लावून खाल्ली. आबांना ते बघवेना. ते पाणी आणायला उठले.

मग तिनं डबा खाली आणला, टेबलावर ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवून थोडी थांबली आणि झाकण उघडलं.

"आहे," ती हळूच म्हणाली. "तसंच आहे सगळं."

तिनं आधी ते गुंतलेल्या हातांचं नाणं उचललं. "हे आमच्या लग्नात घेतलं त्यानं. रोममध्ये लग्नाची, एकजुटीची ही खूण होती म्हणे." मग सरळ नवव्या नाण्याकडं वळली. चिठ्ठी वाचून जरा हसली. "बघा. म्हणाला होता, आबांचे हात शिवशिवतील, आधीच लिहून ठेवतो."

"हे कोण गं दोघं?" आबांनी विचारलं.

"सिसिलीतली गोष्ट आहे. तिथं ज्वालामुखी फुटला, आग गावात शिरली. लोक दागदागिने, पैसाअडका, जे हाताला लागेल ते घेऊन पळाले. दोन भावांनी मात्र काहीच घेतलं नाही. एकानं बापाला खांद्यावर घेतलं, एकानं आईला. आणि म्हणे आग त्यांच्यासाठी दुभंगली, त्यांना वाट दिली तिनं. हा त्यातला बापाला घेतलेला. आणि या बाजूची बाई म्हणजे आईबापांविषयीची माया. त्या मायेची देवी होती रोमन लोकांत."

आबांनी नाण्यावरच्या त्या पोराकडं पुन्हा पाहिलं.

"शेवटचा महिनाभर सारंग हे नाणं मुठीत धरून असायचा. झोपेतसुद्धा. मला म्हणायचा, बरा झालो की आबांना असंच उचलून इकडं आणतो, पाटावरून उठवून." तिनं नाणं मुठीत घेतलं. "हा जो काळा रंग आहे ना आबा, तो दोन हजार वर्षांचा आहे, असं म्हणायचा तो. किती लोकांचे हात लागलेत बघ, त्यात आता माझा एक. म्हणून घासायचं नाही. मी डबा उघडत नव्हते ते याचसाठी. मला वाटायचं, माझ्या हातानं त्याचा हात पुसला जाईल."

तिनं ते नाणं गालाला लावलं आणि ती रडायला लागली. चौदा महिन्यांचं रडं होतं ते. टेबलावर डोकं टेकवून, मूठ गालाशी धरून, आवाज करून रडली. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना तिनं रडायला हवं होतं, आणि आता ती रडत होती, त्यांनी दुपारी अंड्याच्या वाफेवर धरलेल्या चांदीला गाल लावून.

सांगावं. आत्ता सांगावं. त्यांनी तोंडही उघडलं. "कौमुदी, ऐक जरा…"

तिनं मान वर केली. डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. "आबा, सगळं गेलं हो. कपडे देऊन टाकले, गाडी विकली, त्याचा फोन बंद झाला. एवढी एकच गोष्ट जशीच्या तशी राहिली बघा."

आबांनी तोंड मिटलं.

शनिवारी ते नाणं रुमालात बांधून, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून ते विमानात बसले. विमानतळावर कौमुदी त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "आता मी रोज डबा उघडते, आबा. भीती गेली." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय आशीर्वाद दिला ते त्यांना आठवत नाही.

भीती आता त्यांच्याकडं आली होती. दोन हजार वर्षांचं काळं चांदीत मुरलेलं असतं. अंड्याचं काळं नुसतं वर बसलेलं असतं, आणि रोजचा हात लागला की चार महिन्यांत उडतं. गिऱ्हाइकांची पैंजणं घेऊन दुकानदार भांडायला येत ते याचसाठी. दर रविवारी दुपारी कौमुदीचा फोन येई आणि आबा आधी तिचा आवाज कसा आहे ते ऐकत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ती नाण्यांविषयी बोले, आता तिनं वाचायला सुरुवात केली होती, हत्तीचं नाणं कुठल्या राजाचं, शिंगवाली बाई म्हणजे भरभराट. एकदा तर हसलीसुद्धा. आबांना वाटू लागलं, निभावलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिचा आवाज वेगळा होता.

"आबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दोन हातांच्या नाण्याचा रंग जातोय. माझ्या बोटाला काळं लागतंय आणि खाली पांढरं दिसतंय. दोन हजार वर्षं टिकलेलं मी तीन महिन्यांत घालवलं. रोज हातात घेत होते ना. सारंग म्हणाला होता, आणि मी…" ती थांबली. "मी डबा परत वर ठेवून दिलाय. आता नाही हात लावणार."

आबा पाटावर बसले होते. समोर पैंजणाचे तुकडे होते. त्यांनी ते बाजूला सारले. गप्प बसलं तर ती डबा वरच ठेवेल, जन्मभर हात लावणार नाही, आणि दोष स्वतःचा मानेल. बोललं तर हा रविवारचा फोन पुन्हा येईल की नाही, कोण जाणे. सारंगच्या माघारी जगात त्यांना आपलं म्हणणारं तेवढंच एक माणूस होतं.

"तुझं न्हाई चुकलं," ते म्हणाले. "ऐक. मधे बोलू नको, न्हाईतर माझ्याच्यानं हुयाचं न्हाई."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सुतक, रिठे, चिंच, चिठ्ठी मागनं वाचल्याचं, अंडी. काही वगळलं नाही. तिकडून किटलीचा आवाज येत होता. ती टक् करून बंद झाली.

मग कौमुदी म्हणाली, "म्हणजे त्यावर त्याचा हात नव्हताच."

"न्हवता. मी धुऊन टाकला."

"आणि तुम्ही मला त्याच्यावर रडू दिलंत, आबा."

"दिलं," आबा म्हणाले.

"ठेवते," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आबा त्या दिवशी दुपारी जेवत नसत, फोन जवळ घेऊन बसत, आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणत. चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःच फोन लावला. वाजत राहिला. ते ठेवणार, एवढ्यात तिनं उचलला.

"डबा खाली काढलाय," ती म्हणाली. जेवलात का नाही, बरे आहात का नाही, काही नाही. "टेबलावरच असतो आता. घेते कधी कधी हातात. आता काय, पुसलं जायला काही राहिलंच नाही त्यावर."

"व्हय," आबा म्हणाले.

"तुमचं कसं आहे? तुमच्याकडचं?"

आबांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, सोडला. नाणं त्यांनी घासलं नव्हतं, पुन्हा काळंही केलं नव्हतं. नुसतं जवळ बाळगलं होतं, रात्री उशाला, दिवसा खिशात, आणि हात जाईल तेव्हा अंगठा जात होता. बाकी सगळीकडं डब्लिनमधल्या त्या दुपारचं खोटं काळं अजून होतं. उंचवट्यावरचं तेवढं उडालं होतं.

"उजळलंय," ते म्हणाले. "पोराचा खांदा तेवढा उजळलाय."

तिनं फोन ठेवला नाही, आणि आबा नाणं तळहातावर घेऊन तसेच बसून राहिले.